खांबांवरच्या टेलिफोन केबलमधला फॉल्ट शोधायला आधी काय घ्यावं?

मेळघाटवाली:
धारणी तालुक्यातल्या आमच्या निवासी शाळेत वसतिगृह एका टोकाला आणि आरोग्य उपकेंद्र पार दुसऱ्या टोकाला आहे. मधे मोबाइलला रेंज नाही, म्हणून खांबांवरून दहा पेअरची (तारांच्या दहा जोड्यांची) केबल ओढून इंटरकॉम चालवतो. लांबी १८०० मीटर, तार ०.५ मिमी. एक पेअर कायमची शॉर्ट आहे, एकीत एक तार तुटलीय आणि पाऊस आला की दोन पेअरवर खरखर सुरू होते. रात्री एखाद्या मुलीला ताप चढला तर नर्सताईंना बोलवायला हीच लाईन. दर खांबावर केबल सोलून बघायची माझी अजिबात तयारी नाही. टीडीआर (तारेत विजेचा ठोका पाठवून, त्याच्या परतीवरून फॉल्टचं अंतर दाखवणारं यंत्र) घ्या असं सांगतात, पण शाळेला परवडणार नाही. काय घेऊ?

जुना_लाईनमन (यवतमाळ):
ताई, टीडीआर आत्ता नको. धारिता (तारेची विद्युतभार साठवायची क्षमता) मोजणारा चांगला मल्टिमीटर घ्या, मग ५०० व्होल्टचा मेगर (तारांच्या इन्सुलेशनमधली गळती मोजणारं यंत्र), जमलं तर पेअर ओळखायला टोन जनरेटर आणि प्रोब. फॉल्ट कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवायचं, कारण प्रत्येकाची मोजणी वेगळी.

सगळ्यात आधी तार आणि अर्थमध्ये (जमिनीत) एसी व्होल्टेज बघा. केबल कुठे विजेच्या तारेला टेकली असेल तर तिथेच कळतं. तसं दिसलं तर केबलला हात लावू नका, वीजवाल्यांना बोलवा. नंतर दोन्ही टोकांना एक्स्चेंज (इंटरकॉमचं मुख्य यंत्र) आणि फोन काढून टाका. एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट लाईनवर असताना ओहम मोजण्यात अर्थ नाही.

आता शॉर्ट पेअर. ०.५ मिमीच्या पेअरचा लूप (जाणारी आणि येणारी तार मिळून होणारा रोध) २० अंशाला किलोमीटरला सुमारे १७६ ओहम भरतो. पण तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात केबल ४४ अंशांवर सहज जाते. म्हणजे साडेनऊ टक्के जास्त, किलोमीटरला सुमारे १९२. तक्त्यातल्या १७६ वर विसंबलात तर दोन-तीन खांब पुढे जाल. त्यामुळे केबललाच माप करा: एक चांगली पेअर पलीकडे शॉर्ट करून लूप मोजा. समजा ३४६ ओहम आला.

मग शॉर्ट पेअर दोन्ही टोकांकडून मोजा. वसतिगृहाकडून २६० आणि उपकेंद्राकडून १५० आले तर फरक ११०. त्याला ३४६ ने भागा, ०.३१८ येतात. त्यात १ मिळवून अर्ध्या लांबीने, म्हणजे ९०० ने गुणा. फॉल्ट वसतिगृहापासून सुमारे ११८६ मीटरवर. एकाच टोकाकडून २६० ÷ १९२ केलं असतं तर १३५० मीटर आले असते, कारण शॉर्टच्या जागेचा स्वतःचा ३२ ओहम रोधही त्यात मिसळतो. दोन्हीकडून मोजलं की तो वजा होऊन जातो. दोन्ही मापं लागोपाठ घ्या, सकाळ-दुपार करू नका.

मेळघाटवाली:
दादा, हे तर आमच्या दहावीच्या पोरीही करतील. तुटलेल्या तारेचं काय? ओहम तर अनंत दाखवतो.

जुना_लाईनमन (यवतमाळ):
तिथे धारिता कामी येते. तुटलेली तार आणि केबलच्या आवरणातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी यांच्यातली धारिता नॅनोफॅरडमध्ये मोजा. मग त्याच पेअरच्या शाबूत तारेचं मोजा. तुटलेलीचे शाबूतच्या किती पट, तितक्याच पट अंतर. ९० च्या जागी ३३ आले तर १८०० चे साधारण ६६०. केबलमध्ये पाणी शिरलं असेल तर हा आकडा जास्त येतो, म्हणून कोरड्या दिवशी मोजा.

खरखर मात्र ओल असतानाच पकडावी लागते. सकाळी दव असताना किंवा पाऊस थांबल्या-थांबल्या मेगर लावा. त्या वेळी दोन्ही टोकं मोकळी, लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून लाईन वाचवणारे) काढलेले आणि पलीकडे कुणी तार धरून नाही, एवढी खात्री हवी. ढग गडगडत असतील तर मोजणी त्या दिवशी सोडून द्या.

संत्राबाग (वरूड):
ताई, हिशोब झाला का पायी फिराच लागते. त्या जागेच्या दोन्ही बाजूचे तीन-तीन खांब पाहजा. आमच्याकडं खार केबल कुरतडते, अन् कापसाच्या गाड्या उंच भरून जातात तथी केबल घासून जाते. तुमच्याकडं सागाच्या फांद्या अन् वानरं. दुर्बीण असली तर खालूनच पाहजा, शिडी मंग लावजा. अन् जोडाच्या पेटीत केबल शिरते तथी खाली झोल देजा, नाईतर पानी सरळ पेटीत जाते.

केबल_जोडणी:
मी टीडीआर रोज वापरते, तरी ताईंना तो आत्ता सुचवणार नाही. तुटकी तार आणि पक्का शॉर्ट तो झटकन दाखवतो, पण ओल्या जोडातली काही किलो-ओहमची गळती त्याच्या रेषेवर जेमतेम उमटते, आणि तुमचं पावसातलं दुखणं तेच आहे. दोन पेअरवर एकाच वेळी खरखर म्हणजे मला जोडाचीच शंका येते. जेली भरलेले कनेक्टर लावून जोड नव्याने बांधा, नुसती टेप गुंडाळू नका.

मेळघाटवाली:
मल्टिमीटर परतवाड्याला मिळेल असं दिसतंय. मेगर मिळेपर्यंत खरखर असलेल्या पेअरचं काय करू?

केबल_जोडणी:
उपकेंद्राची लाईन आजच कोरड्या चांगल्या पेअरवर हलवा, दोन्ही टोकांच्या पेट्यांमध्ये. दहापैकी चार बिघडल्यात, सहा शिल्लक आहेत. शोध त्यानंतर निवांत करता येईल.