सगळीकडे वॉश फासला म्हणजे शेडिंग झालं का?

रावपुरा_रेंजर
टेबलावरच्या युद्धखेळांसाठी बोटभर आकृत्या रंगवणाऱ्या आमच्या बडोद्याच्या गटात सध्या येणारे ऑर्क, एल्फ, सांगाडे सगळे एकाच गटारातून वर आल्यासारखे दिसतात. पद्धत ठरलेली: बेसकोट (मूळ रंगाचा हात), त्यावर अख्ख्या आकृतीला ॲग्रॅक्स अर्थशेड नाहीतर नल्न ऑइल, म्हणजे पातळ गडद वॉश, वरून पांढऱ्याचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासणं). झालं शेडिंग! वॉश खोलगट जागी साचतो हे खरं, पण सपाट जागाही मळवतो. झग्याची पाठ, ढाल, घोड्याचा पुठ्ठा, इथे तो वाळताना कडेला डाग धरतो. त्यानंतर मूळ रंग उंच भागांवर परत चढवायचा असतो, ती पायरी सगळे गाळतात.

माझं म्हणणं एवढंच की बाटली उघडण्याआधी उजेड कुठून येतोय ते ठरवा. २८ मिलिमीटरच्या माणसाच्या झग्याची घडी ती केवढी! ट्यूबलाइटचा उजेड तिच्यात चहूकडून शिरतो. नजरेत भरेल अशी सावली पडतच नाही, म्हणून ती रंगवावी लागते, आणि खऱ्यापेक्षा भडक रंगवावी लागते. काळा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारा, वरून तिरका पांढरा फवारा द्या (झेनिथल म्हणतात तो), आणि रंग चढवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कुठे उजळायचं ते त्या फोटोत दिसतं.

दुसरं, हायलाइट (उंच भागांवरची उजळ छटा) म्हणजे पांढरा मिसळणं नव्हे. लालात पांढरा घातला की गुलाबी होतो. नारिंगी घाला, अगदी शेवटच्या टोकाला हस्तिदंती. हिरव्याला पिवळट. सावलीत काळा टाळा. लालाच्या सावलीला थोडा गडद हिरवा मिसळून बघा, रंग मरत नाही, खोल जातो.

मांडवीचा_ऑर्क
शांति राखो रेंजरभाऊ! तुम्ही एकच सरदार कुरवाळत बसता. मला सांगाड्यांची अख्खी पलटण उभी करायची आहे, आणि ती बघणारा समोरच्या खुर्चीतून बघतो, भिंग लावून नाही. काळ्यावर करडा ड्रायब्रश, मग पांढरा, त्यावर कॉन्ट्रास्ट रंगाचा (घड्यांत आपोआप गडद साचणाऱ्या पातळ रंगाचा) एकच हात. यालाच म्हणतात स्लॅपचॉप! आकृत्या बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट रंग आणले ते असं झटपट काम उरकायलाच. तुमचा झेनिथल तरी वेगळं काय करतो? खाली काळं, वर पांढरं, तेच ना?

आणि वॉशला शिव्या देऊ नका. पाण्याऐवजी मीडियमने (रंगद्रव्य नसलेल्या रंगाच्या द्रवाने) पातळ करा, कडेचे डाग कमी होतात. थेंब साचला की कोरड्या ब्रशच्या टोकाने उचला. ते न करणाऱ्याचा दोष बाटलीवर कशाला?

रावपुरा_रेंजर
थेंब उचलता ना, मग निम्मं भांडण संपलं. उरलेलं निम्मं असं: ड्रायब्रशला उजेड कळत नाही, फक्त उंचवटा कळतो. बुटावरचं बक्कल खांद्यावरच्या चिलखताइतकंच उजळून निघतं. वरून मारलेल्या फवाऱ्यात तसं होत नाही. शिवाय आर्मी पेंटर कंपनीचे २०२२ चे पहिले स्पीडपेंट (कॉन्ट्रास्टसारखेच रंग) वाळल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा सुटायचे. हायलाइट द्यायला जावं तर खालचा रंग वर. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुधारलं, पण जुनी बाटली असेल तर आधी कुठेतरी लावून बघा.

कीर्तिमंदिरची_पायरी
दोघेही एक गोष्ट गृहीत धरून भांडताय, की आकृती खरी दिसली पाहिजे. का बरं?

फत्तेसिंहराव संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं बघा. गालावरून हनुवटीकडे उजेड कसा विरत जातो! तेलरंगात ते साधतं, कारण तो हळू वाळतो. मग तिथून कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात जा. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ दरम्यान रंगवलेल्या भिंती. रेषा आणि सपाट रंग, आणि महाभारताचं युद्ध लांबूनही वाचता येतं. बोटभर आकृतीला यातलं जवळचं कोण? मी नंदलालांच्या बाजूचा.

एज हायलाइटच घ्या, म्हणजे कडांवर ओढलेली उजळ रेषा. तलवारीच्या दोन्ही कडा उजळ, चिलखताची खालची कडसुद्धा उजळ. कुठल्या सूर्याने? ती रेषा आहे, उजेड नव्हे. गेम्स वर्कशॉपच्या खोक्यांवरचे नमुने याच रेषेवर उभे असतात आणि टेबलावर आधी तेच ओळखू येतात. गुळगुळीत ब्लेंडिंगचा (एक छटा दुसरीत विरवण्याचा) हट्ट फोटोपुरता ठीक.

दांडियाबझार_कुंचला
आमच्या घरी गणपती रंगवतात म्हणून मध्ये बोलते. पितांबराच्या चुण्यांत गडद, फुगीर भागावर फिकट, हे आम्ही स्प्रे गनने करतोच. पण दिवा कुठे आहे हे तिथे कोणी विचारत नाही. बघणाऱ्याची नजर कुठे जायला हवी, हे विचारतात. आधी चेहरा, मग हात, बाकी सगळं त्याहून दबलेलं.

रेंजरदादा, झेनिथलची पंचाईत इथेच होते. रुंद काठाची टोपी घातलेला जादूगार घ्या. वरून पांढरा मारला की टोपी लख्ख आणि चेहरा काळाकुट्ट. शास्त्राने बरोबर असेल, पण माणूस दिसायला नको का? मी सर्वांत उजळ रंग नाकाच्या शेंड्यावर, गालफडांवर आणि खालच्या ओठावर ठेवते. टोपी मधल्या छटेवरच थांबवते. बुटांना हायलाइट जवळजवळ नाहीच.

रावपुरा_रेंजर
टोपी मुद्दाम विझवणं मला पटत नाही. तिथे दुसरा उजेड आणायचा. काठीच्या टोकाचा मणी चमकतोय असं धरा आणि चेहऱ्यावर खालून निळसर छटा द्या.

दांडियाबझार_कुंचला
म्हणजे प्रत्येक जादूगाराच्या काठीला बल्ब?

अलकापुरी_ओलीपॅलेट
वाद रंगलाय, पण मे महिन्यात बडोद्यात पंख्याखाली वेट ब्लेंडिंग करून दाखवा! दोन रंग एकमेकांत मिसळायच्या आत दोन्ही वाळलेले. इथे ग्लेझिंगच चालतं, पातळ थरावर पातळ थर. झाकणाचा डबा, ओला स्पंज, वर बेकिंग पेपर, झाली ओली पॅलेट. रंग इतका पातळ हवा की वर्तमानपत्रावर ओढला तर खालची अक्षरं वाचता यावीत. ब्रश टिश्यूला टेकवून जास्तीचं पाणी काढा, मगच आकृतीवर.

आणि हात कुठल्या दिशेने ओढता त्याकडे लक्ष द्या. ब्रश जिथे उचलता तिथे रंग जास्त जमतो. म्हणून सावली करताना सावलीकडे ओढायचं, हायलाइट करताना उजेडाकडे. उलट ओढलात तर नेमकं नको तिथे ओघळ दिसतो आणि लोक म्हणतात ग्लेझिंग जमत नाही.

पावसाळ्यात कॅनमधला प्रायमर जपून. दमट हवेत पृष्ठभाग खरखरीत, पांढुरका होतो, मग वर नंदलाल करा की रविवर्मा. (मुंगसाच्या केसांचे ब्रश कोणी देऊ केले तर घेऊ नका, कायद्याने बंदी आहे. चांगलं टोक असलेला सिंथेटिक पुरतो.)

मांडवीचा_ऑर्क
हे कामाचं बोललात. माझ्या पुढच्या पलटणीचे झगे पिवळे आहेत आणि पिवळा काळ्यावर बसतच नाही. काय करू?

दांडियाबझार_कुंचला
काळ्यावर घेऊच नका. आधी गुलाबीचा थर, त्यावर पिवळा. सावलीला गेरूकडे झुकणारा तपकिरी, अगदी खोल घडीत किंचित जांभळा. काळा मिसळलात तर पिवळा हिरवट पडेल.

मांडवीचा_ऑर्क
बरं, तपकिरी घडीतच लावतो, अख्ख्या झग्याला नाही. ढालींना मात्र वॉश फासणार. रेंजरभाऊंनी तेवढं दुसरीकडे बघावं.