बाळासाठी घरी काय काय शिवलंत, आणि त्यातलं वापरलं किती?

लेक साडेसात महिन्यांची झाली. काल कपाटाचा खालचा कप्पा आवरायला घेतला, तर मी शिवलेल्या वस्तूंचे आपोआप दोन ढीग झाले. एक धुऊन धुऊन विटलेला, दुसरा कोरा करकरीत. विटलेल्यात अकरा लाळेरी, चार दुपटी आणि जुन्या टॉवेलचे चौकोन. कोऱ्यात झालरीचा फ्रॉक, कापडी बूट आणि एक कुंची, जिच्यावर मी तीन संध्याकाळी भरतकाम केलं होतं. म्हणजे जेवढी मेहनत जास्त, तेवढा वापर कमी!

गोधडीची गोष्ट वेगळी. पोटुशी असताना चौकोन जोडून जोडून शिवली. नंतर कळलं की वर्षाच्या आतलं बाळ झोपतं तिथे पांघरूण, उशी, मऊ खेळणी असं काहीच सुटं ठेवायचं नसतं. तोंडावर आलं तर त्याला बाजूला सारता येत नाही. चार दिवस रुसले. मग जमिनीवर अंथरली. आता ती पोटावर पडून एकेक चौकोन नखांनी ओरबाडत असते, मी शेजारी बसलेली.

लाळेऱ्यांची कृती अशी काही नाहीच. पुढून जुना टीशर्ट, मागून टॉवेल, सुलट बाजू आत समोरासमोर. कडेने टीप मारायची, चार बोटं जागा सोडायची, तिथून उलटवायचं आणि ती जागा हाताने शिवायची. उलटवण्याआधी गोलाईवर बारीक कातरे द्यायचे, नाहीतर मानेशी चुण्या पडतात. बंदाऐवजी प्रेस बटण. एकाला वेल्क्रो लावलं होतं, ते न मिटवता धुवायला टाकलं आणि सगळ्या दुपट्यांना चिकटलं. नवं सुती कापड असेल तर आधी धुवा, मग बेता. मी तसं केलं नाही, म्हणून एक झबलं अंगात जायच्या आधीच आखूड झालं.

तुमचे ढीग सांगा. फसलेलं आधी.

*

मी बाबा. माझा ढीग एकच, फसलेला.

रजेच्या दुसऱ्या आठवड्यात माळ्यावरचं शिलाई मशीन काढलं. वरून टीप छान दिसायची, खाली दोऱ्याचं घरटं. तीन दिवस बॉबिनला शिव्या घातल्या. दोष वरच्या दोऱ्याचा निघाला. मी दोरा ओवायचो तेव्हा मशीनचा पाय खाली टेकवलेला असायचा. पाय खाली असला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही. मग ताण नसलेला दोरा खाली जाऊन गुंता करतो. पाय वर करून ओवला, सुई नवी घातली, तीच टीप सरळ आली. हे लिहिताना आत्ताही राग येतोय.

पण खरा फायदा शिवणाचा नव्हताच. मशीनच्या घरघरीने मुलगा झोपायचा, आणि थांबलो की जागा! शेवटी चिंध्यांवर नुसत्या सरळ टिपा मारत बसायचो. एकावर एक मारून त्यांचीच जाडजूड पुसणी झाली. ढेकर काढताना खांद्यावर टाकायला उत्तम. बायको म्हणते, हा तुझा एकमेव यशस्वी प्रकल्प.

*

एवढंच सांगायला आले. हातमोजे, पायमोजे शिवणार असाल तर आतून एकही सुटा दोरा ठेवू नका.

आमचं बाळ महिन्याचं असताना एकदा काही केल्या रडायचं थांबेना. अंगावरचं सगळं काढलं तेव्हा दिसलं, मोज्यातला दोरा करंगळीला आवळून बसला होता. बोट जांभळं पडायला लागलेलं. वेळेत सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं की आईचा गळलेला केससुद्धा असाच आवळतो, आणि जास्त करून पायाच्या बोटांना. तेव्हापासून मोजे शिवण बाहेर ठेवूनच घालते. दिसतात विचित्र, दिसू देत.

*

मला सुई धरता येत नाही, म्हणून कागदकाम. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं आणि ठळक काळं-पांढरं आवडतं, म्हणून पुठ्ठ्याचे पट्ट्यापट्ट्यांचे मासे कापून टांगले. दारातून बघताना काय देखणे! बाळ मात्र ढिम्म.

एका दुपारी मीच त्याच्या शेजारी आडवी झाले, वर बघितलं, आणि मला पुठ्ठ्याच्या कडा दिसल्या. फक्त कडा. मासे सगळे दारातल्या माणसासाठी पोहत होते. मग प्रत्येक मासा आडवा केला, पोट खाली. दुसऱ्या मिनिटाला पाय झाडायला सुरुवात! पाचव्या महिन्यात हातांवर रेटून उठू लागला, त्या दिवशी दोऱ्यांसकट उतरवले.

*

जुळी आहेत. एकीच्या सगळ्या कपड्यांना लाल दोऱ्याची टीप, दुसरीच्या निळ्या. एवढीच कलाकुसर झेपली, आणि रात्री तीन वाजता तीच कामी येते.

*

टोपी डोळ्यांनी माप घेऊन शिवू नका. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतो, वर्षाचं होईपर्यंत ४६ च्या घरात जातो. मी शिवलेली टोपी पहिले तीन महिने हनुवटीपर्यंत यायची. चौथ्या महिन्यात छान बसली असती, पण तेव्हा उन्हाळा सुरू झाला.

*

मुलगी आमच्याकडे आली तेव्हा आठ महिन्यांची होती. त्यामुळे झबली-दुपटी हा प्रकार आम्हाला मिळालाच नाही, आणि त्याची हौस म्हणा, मी कापडी पुस्तक करायला घेतलं. आठ पानं. ढगाला आत कापूस, घराचं दार उघडणारं, सशाला बटणांचे डोळे. मैत्रिणीने हातात घेतलं आणि पहिलं वाक्य, हे डोळे काढ. खेळण्यांचे बारीक तुकडे तपासायच्या नळकांड्याचा व्यास ३.१७ सेंटीमीटर असतो, त्यात पूर्ण मावेल ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात जाऊ शकतं. बटणं तर चार मावली असती. उसवली, दोऱ्याने डोळे भरले. टाचण्या मोजून काढायची सवयही तेव्हाच लागली. बारा टोचल्या की बाराच डबीत परत.

महिनाभराने पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ढग बघितला नाही, दार उघडलं नाही. कापड ज्या जुन्या शर्टाचं होतं, त्याचं धुण्याच्या सूचनांचं लेबल एका शिवणीत अडकून बाहेर राहिलं होतं. तेवढं तोंडात घातलं.

आता ती दीड वर्षाची आहे. झोपताना ते लेबल लागतं, पुस्तक नाही. परवा ते एका बाजूने उसवलं, तर रात्री साडेदहाला बसून मी ते परत शिवलं, दुहेरी दोऱ्याने.

*

पहिल्या ढिगाच्या मालकीणबाई, पुन्हा मी बाबा. लाळेऱ्याला गोलाईवर कातरे दिले. टिपेसकट दिले.