‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ हे भाषांतरच चुकलंय

निकष: ‘एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’चं हे मराठी रूप आपण डोळे झाकून वापरतो. अपवाद सापडला तर नियम ढासळेल, सिद्ध कसा होईल? इथे ‘प्रूव्ह’ म्हणजे पारखणं. शस्त्रचाचणीचं मैदान ते ‘प्रूव्हिंग ग्राउंड’, तसंच हे. अपवादाने नियमाची कसोटी लागते, इतकंच.

पाटीवाचक: लोकप्रिय खुलासा, पण चुकीचा. कायद्यातलं लॅटिन वचन पूर्ण वाचा: ‘एक्सेप्शिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्टिस’. शेवटच्या चार शब्दांचा अर्थ, ‘जे वगळलेलं नाही त्याच्यापुरता’. तिथे ‘कसोटी’ बसवून बघा, वाक्याला अर्थच उरत नाही. ‘एक्सेप्शिओ’ म्हणजे मुद्दाम वगळणं. दुकानावर ‘सोमवारी बंद’ लिहिलंय, म्हणजे बाकी सहा दिवस उघडं.

यामागचा युक्तिवाद रोमन वक्ता सिसेरोचा, इ.स.पू. ५६. गादेसच्या (आजचं कादिझ) बाल्बसला रोमन सेनापती पाँपीने दिलेलं रोमन नागरिकत्व वादात होतं. सिसेरो म्हणाला, काही जमातींशी झालेल्या तहांत ‘यांच्यापैकी कोणालाही नागरिक करू नये’ असं कलम आहे. कलम असेल तिथे मनाई. म्हणजे नसेल तिथे मुभा.

निकष: कोर्टात ठीक. पण ‘बुटक्यांना फलंदाजी जमत नाही’ म्हणणाऱ्यापुढे गावसकर, तेंडुलकर ठेवले की तो हेच वाक्य फेकतो!

पाटीवाचक: ती पळवाट. वगळणारा कोणी नसेल, तर हे वचन लागूच नाही.

संधिविग्रह: आपल्याकडे संस्कृत व्याकरणात उत्सर्ग (सामान्य नियम) आणि अपवाद आहेच की. पाणिनीच्या ‘इको यणचि’ने, म्हणजे पुढे स्वर आला की ‘इ’चा ‘य्’ होतो या सूत्राने, इति + आदि = इत्यादि. त्याच सूत्राने रवि + इंद्रचं ‘रव्यिंद्र’ झालं असतं. ‘अकः सवर्णे दीर्घः’ (सारखे स्वर मिळून दीर्घ होतात) आड येतं, म्हणून रवींद्र. परिभाषाही (सूत्रं कशी लावायची याचा नियम) आहे: ‘प्रकल्प्य चापवादविषयं तत उत्सर्गोऽभिनिविशते’. आधी अपवादाचा प्रांत बाजूला काढायचा, उरलेल्यात सामान्य नियम शिरतो.

पाटीवाचक: साम्य अर्धंच. पाणिनी दोन्ही सूत्रं लिहून देतो. सिसेरोला न लिहिलेला नियम अपवादावरून काढायचा होता.

निकष: आणि तिथेच गोची आहे. काही कलमं नुसती खबरदारी म्हणून घातलेली असतात. ‘येथे थुंकू नये’ या पाटीवरून तुम्ही काय सिद्ध करणार, बाकी सगळीकडे मुभा?