गाण्याला दाद कुठे कशी देतात?

प्रश्न: काल हुतात्मा स्मृती मंदिरात ख्याल ऐकताना समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) मी मोठ्यानं 'वाह!' म्हटलं. पुढचे काका रागानं वळून बघायला लागले. बाहेरच्या देशांत श्रोते गप्पच बसतात का?

उत्तर: युरोपात सिंफनीच्या (वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेच्या) दोन भागांमध्ये सहसा टाळी देत नाहीत. पण व्हिएन्नात १ जानेवारीच्या नववर्ष मैफलीत शेवटी वाजणाऱ्या 'राडेट्झकी मार्च' या धूनला सगळं सभागृह ठेक्यात टाळ्या वाजवतं. वाद्यवृंदाचा कंडक्टर श्रोत्यांकडे वळून त्या कमी-जास्त करवतो!

उत्तर: १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठीच्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं नुसती जुळवत होते, तरी टाळ्या पडल्या.

प्रश्नकर्ता: उत्साह मोठाच म्हणायचा. आमचे वडील गिरणीतून सुटले की भजनाला बसायचे. समेवर अख्खी बैठक मान हलवायची. गाणाऱ्याला ती दाद पोचते हो. मी वाह म्हणणारच.