मदत हवी आहे: भाचीच्या हृदयात छिद्र आहे, पुढे काय काय विचारायचं?

नमस्कार, माझ्या बहिणीची मुलगी दोन महिन्यांची आहे, टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) व्हीएसडी निघालाय, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. जन्माच्या वेळी डॉक्टरांना काहीच आवाज आला नव्हता त्यामुळे ताई म्हणते आधीच का नाही कळलं. मी वाचलं की फुप्फुसांतलं प्रेशर पहिल्या काही आठवड्यांत कमी होतं आणि मगच छिद्रातून रक्त जास्त वाहायला लागून मर्मर, म्हणजे हृदयाचा तो वेगळा आवाज, ऐकू येतो, हे तिला सांगितलं तरी ती स्वतःलाच दोष देतेय. खरं तर साधारण १०० बाळांमागे एकाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो आणि बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही, हो ना?

छिद्र मोठं आहे, दूध पिताना तिला दम लागतो, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाहीये. लघवी वाढवणारं औषध सुरू केलंय, वजन थोडं वाढलं की ओपन हार्ट करून पॅच लावू म्हणालेत. लहान छिद्रं आपोआप बुजतात हे ऐकून आजी म्हणते थांबा, घाई नको, पण मोठं असेल तर थांबल्याने फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते ना, हे त्यांना सोप्या शब्दांत कसं पटवू?

ज्यांच्या बाळाचं असं ऑपरेशन झालंय त्यांनी प्लीज सांगा, तोपर्यंत दूध कसं पाजलंत, थोडं थोडं सारखं की वाटी-चमच्याने, आणि सर्जनना कोणते प्रश्न विचारायलाच हवेत? लसींचं काय केलंत तेही सांगा.