दोन सर्व्हरवर ट्रॅफिक वाटायचंय, कमी खर्चात काय लावावं?

पेठकर: स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्यांची छोटी साइट चालवतो, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर. रविवारी ११ च्या ठोक्याला सगळी मुलं एकदम लॉगिन करतात. गेल्या रविवारी ऐन पेपरात सर्व्हर बसला, फार वाईट वाटलं. आता दुसरा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय, डेटाबेसही वेगळ्या मशीनवर हलवलाय. ट्रॅफिक वाटून देणाऱ्या तयार लोड बॅलन्सरचं महिन्याचं भाडं झेपत नाही. डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता (आयपी) सांगणाऱ्या नोंदीत, दोन्ही आयपी टाकून भागेल का?

रात्रपाळी: नाही भागणार. एक सर्व्हर पडला तरी डीएनएस त्याचा पत्ता देतच राहतो, आणि तुम्ही काढलात तरी मुलांच्या फोनात जुना पत्ता काही वेळ राहतो. छोटा तिसरा व्हीपीएस घेऊन त्यावर एचएप्रॉक्सी हे ट्रॅफिक वाटणारं सॉफ्टवेअर लावा. फुकट आहे, २००१ पासून चालत आलंय.

वाटाड्या: इंजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर येत असेल तर तेही चालेल. फक्त त्याच्या फुकट आवृत्तीला सर्व्हर पडल्याचं कळतं ते एखाद्या मुलाची रिक्वेस्ट अडकल्यावर. एचएप्रॉक्सीत चेक चालू केलं की ते स्वतः दर २ सेकंदांनी विचारतं, सलग ३ वेळा उत्तर नाही आलं की तो सर्व्हर बाहेर. पण नुसतं पोर्ट, म्हणजे सर्व्हर जोडणी घेतो का एवढंच, तपासू नका! डेटाबेसशी संबंध तुटला तरी पोर्ट उघडंच असतं. डेटाबेसला एक साधी क्वेरी मारणारं, आणि ती फसली तर ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हा कोड देणारं पान लिहा, तेच तपासायला सांगा.

रात्रपाळी: सेशनचं, म्हणजे कोण लॉगिन आहे त्या नोंदीचं, आधी बघा. पीएचपी सेशन त्याच मशीनवरच्या फाइलीत ठेवतं. पहिला प्रश्न एका सर्व्हरवर, दुसरा दुसऱ्यावर गेला की मूल लॉगआउट. सेशन डेटाबेसच्या मशीनवर रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारं सॉफ्टवेअर) न्या. आयपीनुसार वाटणी करू नका, एका अभ्यासिकेच्या वायफायवरची सगळी मुलं एकाच आयपीवरून येतात, ती एकाच सर्व्हरवर जाऊन बसतील.

पेठकर: अभ्यासिकेचं डोक्यातच आलं नव्हतं, आमची निम्मी मुलं तिथूनच पेपर देतात. आणि बॅलन्सरच पडला तर?

वाटाड्या: तेव्हा सगळंच बंद. त्यावर उपाय कीपअलाइव्हडी, म्हणजे दोन बॅलन्सर आणि एक सामायिक आयपी, एक पडला की तो आयपी दुसरा घेतो. असा आयपी मिळतो का, ते होस्टिंगवाल्याला आधी विचारा.

पेठकर: रेडिस आणि एचएप्रॉक्सी लावलं. काल रात्री स्वतः पेपर सोडवत बसलो आणि १७ व्या प्रश्नाला एक सर्व्हर बंद केला. पान क्षणभर अडकलं, मग १८ वा प्रश्न आला, लॉगिन तसंच. दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या बॅलन्सरचं पुढच्या महिन्यात बघतो.