‘स्टेकहोल्डर’ला मराठीत काय म्हणायचं?

डिचोलीकर: गोव्यात कुंभारजुवे कालव्याकाठच्या एका खाजनाचा, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटलाय. शेतकरी, मानशीवाले (बांधाच्या पाणदारावर मासळी धरणारे), कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), वनखातं या सगळ्यांना समोरासमोर बसवायचंय. नोटिशीचं मराठी माझ्याकडे आलं. ‘स्टेकहोल्डर’ला ‘भागधारक’ लिहिलं, तर कोमुनिदादीचे एक म्हातारे गांवकार (सभासद) म्हणाले, “म्हणजे आक्सांववाल्यांनीच, शेअरवाल्यांनीच यायचं? कुळांनी नको?” कोमुनिदादीत भाग असलेले खरेच असतात हो!

शुद्धमती: ‘हितसंबंधी’ लिहा. भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, चूक तुमचीच.

डिचोलीकर: आपल्याकडे हितसंबंध ‘गुंतलेले’च असतात. लोकांना वाटेल, चौकशी लागली.

पेडण्याची माई: बाबा ‘बांधाची माणसं’ म्हणायचे. शेतवाला, जाळंवाला, सगळी त्यात.

पेणकर: मानस म्हणजे आमची उघाडी का? ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं आणि भरतीचं पाणी तेच दार मिटवतं?

डिचोलीकर: तीच. पण मासळीचा लिलाव घेतलेला माणूस भरतीला दार उघडं ठेवून खारं पाणी आत घेतो, ओहोटीला तोंडाशी जाळं लावतो. मासळी त्याची, मीठ शेतात.

पेडण्याची माई: मानस म्हणजे बांधाचं मन, असं मला वाटतं. कधी उघडायचं, कधी मिटायचं, त्याला बरोबर कळतं.

शुद्धमती: काव्य छान, माई. पण मनाचं ‘ते मानस’, दाराची ‘ती मानस’, मानशीचा लिलाव. लिंगच जुळत नाही.

पेडण्याची माई: लिंग बदललेले शब्द काय कमी आहेत मराठीत?

पेणकर: मूळ मुद्दा. नोटिशीतल्या ‘मीडिएशन’ला लवाद म्हणू नका, लवाद निवाडा देतो. शिष्टाई म्हणा.

डिचोलीकर: कृष्णशिष्टाईनंतर काय झालं ते ठाऊक आहे ना? मध्यस्थीच बरी. मला अडवतंय ते नोटिशीतलं ‘हॅबिटॅट रिस्टोरेशन’, म्हणजे ‘अधिवासाची पुनर्स्थापना’.

पेणकर: अधिवास! खेकड्याला दाखला देताय?

डिचोलीकर: हसा. पुनर्स्थापना कशाची, ते सांगा. चोडणची तिवरं १९८८ पासून सलीम अली अभयारण्यात आहेत, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, लोक मुद्दाम बघायला येतात. तीच तिवरं फुटलेल्या बांधाआड शेतात उगवली की वनखात्याला अधिवास दिसतो, कुळाला बुडालेलं कोरगूट भात. तोडायला कायदा आडवा. म्हणजे नोटिशीतल्या शब्दानंच एक बाजू घेतली, मध्यस्थ बसायच्या आधी!

शुद्धमती: मग ‘पूर्ववत करणे’.

डिचोलीकर: कोणत्या सालासारखं पूर्ववत?

पेणकर: आमच्याकडे बांध फुटला की नुसतं ‘खांड बांधायची’, फुटलेली जागा बुजवायची, म्हणतात. पुढचं पुढे.

डिचोलीकर: नोटीस गेली. भागधारक खोडून नावंच घातली: कुळं, गांवकार, मानशीवाले, वनखातं. होडीवाले राहिले, ते आत्ता आठवलं.

पेडण्याची माई: आणि चिखलात तिसऱ्या काढणाऱ्या बायका?

शुद्धमती: तिसऱ्या की शिंपल्या? दोन्ही एकच नव्हेत.